विश्लेषण : एका कपापुरते कॉफीयंत्र घरी आणावे का?

सणासुदीच्या सवलती सुरू झाल्या की ऑनलाइन बाजारात मिक्सर आणि एअर फ्रायरच्या शेजारी हल्ली आणखी एक यंत्र दिसते. कॅप्सूल टाका, बटण दाबा आणि मिनिटभरात एक कप कॉफी घ्या, एवढीच त्याची जाहिरात. किंमत काही हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत. लग्नाच्या वाढदिवसाची भेट, नव्या फ्लॅटची खरेदी किंवा परदेशातल्या मुलाने आणलेली वस्तू म्हणून ते मराठी घरांच्या ओट्यावर पोहोचते. त्यातली काही यंत्रे सहा महिन्यांत पुन्हा खोक्यात जातात. असे का होते आणि ते टाळायचे तर घेण्याआधी काय पाहावे?

हे यंत्र मुळात कोणाच्या अडचणीसाठी बनले?

कॅप्सूलची कल्पना स्वित्झर्लंडची. नेस्ले कंपनीतील अभियंता एरिक फाव्र यांनी १९७६मध्ये तिचे पेटंट नोंदवले आणि १९८६मध्ये नेस्प्रेसो बाजारात आले. इटलीतल्या कॅफेत मिळणारी एस्प्रेसो शिकलेल्या हातांशिवाय घरी करता यावी, हा त्यामागचा हेतू होता. अमेरिकेत केउरिग ही कंपनी १९९२मध्ये स्थापन झाली आणि १९९८मध्ये तिने कार्यालयांसाठी यंत्र आणले. तिथली अडचण वेगळी होती. ऑफिसात सकाळी भांडेभर कॉफी केली जायची, ती गरम तव्यावर तासन् तास राहायची आणि दुपारपर्यंत कडवट व्हायची. ज्याला हवी त्याने हवी तेव्हा ताजी घ्यावी, यासाठी एका कपाचे यंत्र आले.

या दोन्ही अडचणी मराठी घरात फारशा नव्हत्याच. इथे कॉफी माणसे मोजून पातेल्यात होते. दूध, साखर, चमचाभर पूड, वरून किसलेले जायफळ किंवा वेलची. ती उरत नाही, शिळी होत नाही. त्यामुळे या यंत्राने आपल्या घरातली नेमकी कोणती अडचण सुटणार आहे, हा प्रश्न खरेदीआधी विचारला पाहिजे. उत्तर ‘काहीच नाही’ असेल असे नव्हे. काही घरांत ते फार उपयोगी पडते, त्याचा विचार पुढे येईलच.

कपात नेमके किती आणि काय पडते?

पहिला अपेक्षाभंग इथेच होतो. सर्वाधिक प्रचलित छोट्या कॅप्सूलमध्ये पाच ते सहा ग्रॅम कॉफी असते. त्यातून साधारण ४० मिलिलिटर एस्प्रेसो मिळते, म्हणजे दोन-तीन घोट. ‘लुंगो’ नावाचा मोठा प्रकार ११० मिलिलिटरच्या आसपास जातो. घरातला नेहमीचा मग दोनशे-अडीचशे मिलिलिटरचा असतो. तो भरावा म्हणून अनेक जण त्याच कॅप्सूलमधून दुसऱ्यांदा पाणी काढतात. मग जे मिळते ते पातळ आणि तुरट पाणी असते.

दुसरे म्हणजे दूध. बहुतेक मराठी घरांत कॉफी म्हणजे दुधाची कॉफी. छोट्या कॅप्सूलचे यंत्र काळी कॉफी देते, दूध तापवून देत नाही. वर शंभर-सव्वाशे मिलिलिटर गरम दूध घालायचे तर गॅस पेटवावाच लागतो, पातेले घासावेच लागते, साय गाळावीच लागते. बटण दाबून वाचलेले मिनिट दूध उतू जाऊ नये म्हणून उभे राहण्यात खर्ची पडते. दूध फेसाळणारे वेगळे भांडे मिळते, पण ते आणखी काही हजारांचे आणि आणखी एका सॉकेटचे काम. काही यंत्रांत दूधपावडरीचे वेगळे कॅप्सूल वापरतात. तिथे एका कापुचिनोला दोन कॅप्सूल लागतात. सोळाच्या खोक्यात आठच कप होतात, ही गोष्ट खोक्यावर लिहिलेली असली तरी घेताना कोणी वाचत नाही.

‘१५ बार’, ‘१९ बार’, ‘२० बार’ असे आकडे यंत्रावर ठळक छापलेले असतात. एस्प्रेसोसाठी कॉफीवर साधारण ९ बार दाब पुरतो. छापलेला आकडा पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो याचा असतो, कपातल्या चवीचा नसतो. १५ सोडून २० बारसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पाहुणे आले तर?

यंत्र तापायला अर्धा मिनिट, मग प्रत्येक कपाला साधारण अर्धा मिनिट, वर कॅप्सूल काढणे-घालणे. सहा जणांची कॉफी होईपर्यंत पहिल्याची निवलेली असते. शिवाय ‘मला अर्धाच कप’ म्हणणारा पाहुणा प्रत्येक मराठी घरात येतो. पातेल्यात अर्धा कप मापता येतो, कॅप्सूल अर्धे करता येत नाही. त्यामुळे यंत्र आल्यावरही पाहुण्यांची कॉफी गॅसवरच होते आणि ती करणारी व्यक्तीही बहुधा तीच राहते.

या यंत्राचा एक लाभ मात्र जाहिरातीत नसतो. आजवर ‘जरा कॉफी टाकतेस का’ म्हणत पेपर वाचणारे घरातले पुरुष बटण दाबायला उठतात. त्यासाठी एवढा खर्च करावा का, हे त्या घरातल्या बाईने ठरवावे.

एका कपाचा खरा खर्च किती?

यंत्राची किंमत एकदाच द्यायची असते, कॅप्सूलची रोज. भारतीय कॉफी कंपन्यांचे एक कॅप्सूल ४० रुपयांना पडते असे धरू. आयात केलेले बहुधा याहून महागच असते. त्यात साडेपाच ग्रॅम कॉफी धरली तर एका किलोत साधारण १८० कॅप्सूल भरतात. म्हणजे ती कॉफी सुमारे ७,२०० रुपये किलोने विकत घेतली जाते. त्याच चिकमगळूरच्या मळ्यातली चांगली ताजी भाजलेली कॉफी पाव किलोला पाचशे रुपये दिले तरी दोन हजार रुपये किलोच्या घरात येते.

हिशेब प्रामाणिकपणे करायचा तर किलोपेक्षा कप पाहिला पाहिजे, कारण इतर पद्धतींना कॉफी जास्त लागते. फ्रेंच प्रेसमध्ये एका मगाला १५ ग्रॅम पूड घातली तर दोन हजार रुपये किलोच्या भावाने तो मग ३० रुपयांना पडतो. कॅप्सूलच्या ४० रुपयांशी तुलना केली तर फरक फार मोठा दिसत नाही. पण एकीकडे दोनशे मिलिलिटरहून मोठा मग आहे आणि दुसरीकडे दोन-तीन घोट. फिल्टर कॉफीची चिकोरी मिसळलेली पूड ७०० रुपये किलो धरली आणि एका कपाला आठ ग्रॅम लागली, तर कप सहा रुपयांच्या आत येतो, दूध वेगळे. इन्स्टंट कॉफीचा कपही साधारण याच पट्टीत बसतो.

आता वर्षाचा हिशेब. एका माणसाचे रोज दोन कॅप्सूल म्हणजे वर्षाला ७३० कॅप्सूल आणि २९,२०० रुपये. नवरा-बायको दोघे रोज दोन-दोन कप पीत असतील तर ५८,४०० रुपये. बारा हजारांचे यंत्र ‘चार हजारांची सूट’ पाहून घेतलेले असते. दोघांच्या घरात ती सूट महिनाभराच्या आत संपते. २०२४-२५मध्ये कॉफीचे भाव जगभर चढले, तेव्हा हा हिशेब खालीही लवकर येणार नाही.

विजेची चिंता मात्र करू नये. दोनशे मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून ९० अंशांच्या वर न्यायला युनिटचा साधारण साठावा भाग लागतो. दहा रुपये युनिट धरले तरी कपाला सोळा-सतरा पैसे. यंत्र तापताना थोडी वीज वाया जाते ती धरूनही हा खर्च किरकोळ आहे.

विक्रेत्यांची आवडती तुलना कॅफेशी असते. कॅफेत कापुचिनोला अडीचशे रुपये, इथे चाळीस. म्हणजे दोनशे दहा वाचले. ही तुलना बहुतेकांच्या बाबतीत फसवी आहे. कॅफेत माणूस कॉफीसाठी कमी आणि टेबल, एसी, वायफाय आणि समोर बसलेल्या मित्रासाठी जास्त जातो. घरी यंत्र आले म्हणून त्या भेटी थांबत नाहीत. ऑफिसच्या वाटेवर रोज कागदी पेल्यातून कॉफी नेणारा किंवा ॲपवरून मागवणारा असेल, तर त्याचे पैसे खरेच वाचतील. असा माणूस घरात आहे का, हे त्याच्या मोबाइलमधल्या मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डर पाहिल्या की कळते.

कोणतेही कॅप्सूल कोणत्याही यंत्रात चालते का?

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि शाईवर कमवायचे, ही युक्ती कॉफीयंत्रांनाही लागू आहे. नेस्प्रेसोचीच दोन घराणी आहेत. ‘ओरिजिनल’ या जुन्या प्रकाराची मुख्य पेटंटे २०१२च्या सुमारास संपली. त्यामुळे त्या आकाराचे कॅप्सूल आता अनेक कंपन्या बनवतात, भारतातल्याही. ‘व्हर्चुओ’ हा नवा प्रकार कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड वाचून चालतो, त्यामुळे पर्याय फारच मर्यादित राहतात. डोल्चे गुस्तोचा आकार वेगळा, केउरिगच्या के-कपचा वेगळा. एकाचे दुसऱ्यात बसत नाही.

केउरिगने २०१४मध्ये तर असे यंत्र आणले की ज्यात कंपनीने मान्यता न दिलेले कप चालतच नसत. ग्राहक इतके चिडले की पुढच्याच वर्षी कंपनीला चुकीची कबुली द्यावी लागली. ग्राहकाने घरात आणलेल्या वस्तूवर नंतरही हुकूम कंपनीचाच चालावा, असा तो प्रयत्न होता.

तेव्हा यंत्राचा रंग आणि आकार पाहण्याआधी त्याचे कॅप्सूल किमान तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांचे मिळतात का, हे पाहावे. भारतात आज तरी या कसोटीवर जुना ‘ओरिजिनल’ प्रकारच उजवा ठरतो. पुन्हा भरता येणारे स्टीलचे कॅप्सूलही त्याच्यासाठी मिळते. त्यात आपली पूड भरता येते, पण ती किती बारीक दळली, किती दाबली यावर सगळे अवलंबून. रोज सकाळी चिमुकल्या डबीत पूड भरायची आणि नंतर ती धुवायची असेल तर यंत्राची सोय राहिली कुठे?

अमेरिकेतून आणलेले यंत्र इथे चालेल का?

सिएटल किंवा न्यू जर्सीहून येणारी मुले आई-बाबांसाठी सामानातून कॉफीयंत्र आणतात. भावना मोलाची, पण व्होल्टेज वेगळे. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, भारतात २३०ची. पाणी तापवणारे १२० व्होल्टचे यंत्र इथे थेट लावले तर त्याच्या तापक तारेवर जवळपास पावणेचार पट भार येतो आणि यंत्र त्याच क्षणी जळू शकते.

गोंधळ मोबाइलच्या चार्जरमुळे होतो. चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठेही चालतो, म्हणून प्रवासातला छोटा अडॅप्टर लावला की सगळे चालते असे वाटते. तो अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. दीड हजार वॉटच्या यंत्राला दोन हजार वॉट किंवा त्याहून मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो काही किलो वजनाचा, हजारो रुपयांचा आणि ओट्यावर न मावणारा असतो. त्यात के-कप इथे सर्रास मिळत नाहीत. म्हणजे दर फेरीला मुलांनी बॅगेतून कप आणायचे आणि आई-बाबांनी ते पाहुण्यांसाठी जपून ठेवायचे. लंडन किंवा दुबईहून आणलेले यंत्र व्होल्टेजच्या दृष्टीने चालते, फक्त पिना बदलाव्या लागतात. पण वॉरंटी बहुधा घेतल्या देशातच राहते.

मुलांना काही द्यायचेच असेल तर त्यांनी भारतातल्या दुकानातून मागवून द्यावे. पत्ता आई-बाबांचा, पैसे त्यांचे.

कचऱ्याचे काय?

ॲल्युमिनियम कितीही वेळा वितळवून वापरता येते आणि तसे केल्यास नव्याने धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. कंपन्या हेच सांगतात आणि ते खरे आहे. मात्र एका कॅप्सूलमध्ये धातू असतो ग्रॅमभर. आत ओला चोथा भरलेले कॅप्सूल भंगारवाला घेत नाही. ते कापून, चोथा काढून, धुऊन, साठवून दिले तर घेईल, पण वर्षभराच्या ७३० कॅप्सूलचे ॲल्युमिनियम पाऊण किलोच्या आसपास भरते. तेवढ्यासाठी रोज कात्री घेऊन बसणारे घर विरळाच. सुका कचरा म्हणून टाकले तरी आतल्या चोथ्यामुळे ते ओलेच राहते. प्लास्टिकच्या कॅप्सूलचे तर आणखी कठीण. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने २०१६मध्ये सरकारी पैशातून असे कॅप्सूल विकत घेण्यावर बंदी घातली, ती याच कारणाने.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅनडातील क्विबेक विद्यापीठाच्या शिकुतिमी येथील संशोधकांनी २०२३मध्ये कॉफीच्या वेगवेगळ्या पद्धतींचा कार्बन हिशेब मांडला. त्यात सर्वांत वाईट कॅप्सूल ठरले नाही, तर जास्त पूड लागणारी नेहमीची फिल्टर पद्धत ठरली. सर्वांत कमी भार इन्स्टंट कॉफीचा निघाला. कारण कॉफीचा मोठा पर्यावरणीय खर्च वेष्टनात नसून मळ्यात असतो, आणि कॅप्सूलमध्ये पूड मोजकीच असते. हा निष्कर्ष मोजून पूड घालणाऱ्या घराला तितकासा लागू होत नाही, आणि कॅप्सूल स्वस्तात सोयीचे म्हणून कप वाढले तर तो फायदाही जातो. पण भांडेभर कॉफी करून अर्धी बेसिनमध्ये ओतणाऱ्याने कॅप्सूलवाल्याला नावे ठेवू नयेत, एवढे त्यातून नक्की निघते.

यंत्राशिवाय एका कपाची चांगली कॉफी होते का?

होते, आणि बहुतेक घरांसाठी शहाणपणाचा पर्याय तोच आहे. त्यातही दुधाची कॉफी पिणाऱ्यांसाठी सर्वांत सरस आहे तो स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर. दोन डबे एकावर एक, वरच्याला बारीक भोके. रात्री वीस ग्रॅम पूड घालून, हलकी दाबून, वर शंभर मिलिलिटर उकळते पाणी ओतले की सकाळी खाली दाट अर्क तयार. गरम दुधात तीस-चाळीस मिलिलिटर अर्क घातला की कप झाला. कॅप्सूलचे यंत्रही चाळीस मिलिलिटर दाट कॉफीच देते. फरक इतकाच की फिल्टर काही शे रुपयांचा, त्यात बिघडण्यासारखे काही नाही आणि ‘अर्धा कप’ म्हणणाऱ्याला अर्धा कप मिळतो. घरात जो जेव्हा उठेल तो तेव्हा आपला अर्क घेईल, म्हणजे हेही एका कपाचे यंत्रच झाले.

पूड माटुंग्यातून भाजून-दळून आणलेली असो की पाकिटातली, चिकोरीचे प्रमाण पाकिटावर पाहावे. नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे उरलेली ४९ टक्के चिकोरी असू शकते आणि ते कायदेशीर असते. चिकोरीने अर्क दाट आणि काळा होतो. ज्याला तीच चव आवडते त्याने जरूर घ्यावी, पण कॉफीचा भाव देऊन चिकोरी घेतोय हे माहीत असावे.

काळी कॉफी पिणाऱ्या एकट्या माणसासाठी एरोप्रेस उत्तम. फ्रिस्बीसारख्या उडत्या चकत्या बनवणारे अमेरिकी अभियंते ॲलन ॲडलर यांनी तो २००५मध्ये आणला. दिसतो मोठ्या सिरिंजसारखा. दोन मिनिटांत कॉफी, चोथ्याची वडी थेट ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत, आणि नुसते विसळले की साफ. फ्रेंच प्रेस आणखी स्वस्त, पण जाळीला चिकटलेला चोथा धुण्याचा कंटाळा येतो. मोका पॉट १९३३पासून इटलीच्या घराघरांत आहे, त्याची कॉफी कडक होते. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ॲल्युमिनियमचा मोका पॉट इंडक्शनवर चालत नाही, त्यासाठी स्टीलचा लागतो. आणि लहान मोका पॉट आपल्या गॅसच्या शेगडीवर डळमळतो, म्हणून वर छोटी जाळी ठेवावी लागते.

कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्यांसाठी एक सूचना. कॉफीतला कॅफेस्टॉल हा तेलकट घटक वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी फिल्टर तो बऱ्यापैकी अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. रोज तीन-चार मग फ्रेंच प्रेसची कॉफी पिणाऱ्याने कागदी फिल्टरची पद्धत निवडावी. कपावर अडकवायच्या कागदी पिशव्यांतली कॉफी, म्हणजे ड्रिप बॅग, हीही त्यातलीच. प्रवासात तिच्याइतकी सोयीची कॉफी दुसरी नाही.

मग हे यंत्र कोणी घ्यावे?

दोन प्रकारच्या घरांनी ते खुशाल घ्यावे. पहिले घर काळी एस्प्रेसो पिणाऱ्याचे. त्याला दूध लागत नाही, दिवसात एक-दोनच कप घेतो आणि पूड दळण्याचा, मोजण्याचा छंद नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात उघडलेले पूडीचे पाकीट आठवड्यात दमट होऊन वास सोडते. बंद कॅप्सूलमधली कॉफी महिनोन् महिने जशीच्या तशी राहते. कमी पिणाऱ्यासाठी हा मोठा गुण आहे.

दुसरे घर अधिक महत्त्वाचे आहे, आणि जाहिरातींत ते कधीच दिसत नाही. मुले परदेशी किंवा दुसऱ्या शहरात, घरात एकटी आई किंवा एकटे वडील. पहाटे साडेपाचला जाग येते, कॉफीची सवय चाळीस वर्षांची, पण हात थरथरतो. दूध उतू जाऊन गॅस विझतो आणि बटण चालूच राहते. उकळत्या पाण्याची किटली उचलून कपात ओतणे हेच सर्वांत धोक्याचे काम असते. कॅप्सूलच्या यंत्रात गरम पाणी उचलावे लागत नाही, ज्योत नसते आणि काही मिनिटांनी यंत्र आपोआप बंद होते. अर्धांगवायूनंतर एकच हात चालणाऱ्या माणसालाही आपली कॉफी आपण करता येते. सकाळी कामवालीची किंवा शेजारणीची वाट न पाहता स्वतःच्या हाताने पहिला कप करणे याचे मोल चाळीस रुपयांत मोजण्यासारखे नाही. दुधाची सवय असेल तर चमचाभर दूधपावडर आधीच कपात घालून ठेवता येते. चव थोडी उतरेल, हात भाजणार नाही.

अशा घरासाठी निवडताना मात्र वेगळ्या गोष्टी पाहाव्यात. अनेक यंत्रांची कॅप्सूल दाबणारी दांडी चांगलीच घट्ट असते, सांधेदुखीच्या हाताला ती बसत नाही. दुकानात त्या व्यक्तीलाच ती दाबून पाहू द्यावी. पाण्याची टाकी काढून नळाखाली न्यावी लागू नये, तांब्याने वरून भरता यावी. बटणे दोनच असावीत. मोबाइल ॲपने चालणारे यंत्र नको. रक्तदाब किंवा झोपेची तक्रार असेल तर कॅफीन काढलेल्या कॉफीचे कॅप्सूलही मिळतात, ते डॉक्टरांना विचारून घ्यावेत.

घ्यायचेच ठरले तर काय तपासावे?

सर्वांत आधी सॉकेट. साडेचौदाशे वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सहा अँपिअरहून थोडी जास्त वीज ओढते. म्हणजे मिक्सरच्या साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर ते लावायचे नाही, सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट हवा. बऱ्याच स्वयंपाकघरांत असा सॉकेट एक किंवा दोनच असतो आणि त्यावर मायक्रोवेव्ह किंवा ओव्हन बसलेला असतो. एक्स्टेंशन बोर्डावर दोन्ही लावण्याचा मोह टाळावा.

मग पाणी. बोअरवेल किंवा टँकरचे जड पाणी असेल तर यंत्राच्या आतल्या बारीक नळ्यांत क्षार साचतात, पाणी कमी येऊ लागते आणि शेवटी पंप बंद पडतो. गाळलेले मऊ पाणी वापरावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी क्षार काढावेत. किराणा दुकानातले सायट्रिक ॲसिड, म्हणजेच लिंबूसत्त्व, त्यासाठी पुरते, पण माहितीपुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच. नाहीतर कंपनीचे द्रावण घ्यावे, वॉरंटी शाबूत राहते.

वापरलेली कॅप्सूल यंत्राच्या पोटातल्या डब्यात पडतात. तो डबा उबदार, ओला आणि अंधारा असतो. मुंबईतल्या झुरळांना याहून चांगली जागा सापडणार नाही. डबा रोज रिकामा करून कोरडा करावा, चार दिवस गावाला जाताना तर नक्कीच. नेहमीचा मग नळीखाली मावतो का, हेही दुकानात मग घेऊन जाऊनच पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

आणि शेवटी सेवा केंद्र. मोठ्या शहरांबाहेर या यंत्रांचा कारागीर सहज मिळत नाही, कोपऱ्यावरचा मिक्सर दुरुस्त करणारा त्याला हात लावत नाही. पैसे भरण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनवर आपला पिनकोड सांगून दोन गोष्टी विचाराव्यात. बिघाड झाला तर माणूस घरी येणार की यंत्र पाठवायचे? आणि कॅप्सूल या पत्त्यावर किती दिवसांत पोहोचतात? सांगली, नांदेड किंवा चंद्रपूरच्या ग्राहकाला ‘कुरिअरने पुण्याला पाठवा’ असे उत्तर आले, तर यंत्र जाऊन परत येईपर्यंतचा पंधरवडा काढायला घरात स्टीलचा फिल्टर लागणारच आहे. तोच आधी आणून महिनाभर वापरून पाहायला हरकत नाही.